कलेच्या तासाला कोण बाहेर बसतं?

पावसाळा सरत आला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या माध्यमिक शाळांत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची लगबग सुरू होते. कला संचालनालयाच्या या शासकीय रेखाकला परीक्षा. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे पेपर. मुलं सायकलच्या कॅरिअरला ड्रॉइंग बोर्ड अडकवून केंद्रावर येतात आणि पाण्याचे डबे भरायला नळावर झुंबड उडते. इंटरमिजिएटची श्रेणी मिळाली की दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात. ‘अ’ला ७, ‘ब’ला ५, ‘क’ला ३. त्यामुळे ज्या घरात चित्रकलेचं फारसं कौतुक नाही, तिथूनही या परीक्षेला मूल बसवलं जातं.

अंध मूल मात्र या हॉलमध्ये सहसा नसतं. सेरेब्रल पाल्सीमुळे ज्याचे हात थरथरतात, ते नसतं. मतिमंद मूल तर नसतंच. एखादं मूकबधिर मूल असतं, कारण ‘ऐकू येत नाही, पण हात चांगला आहे’ असं सरांनी हेरलेलं असतं. बाकीच्यांसाठी चित्रकलेचा तास म्हणजे व्हरांड्यात बसायचा, ग्रंथालयात थांबायचा नाहीतर लवकर घरी जायचा तास. त्यांना कुणी हाकलून दिलेलं नसतं. उलट सगळे मायेनंच म्हणतात, ‘अरे, तुला सूट आहे.’

या सुटीचा इतिहास समजून घेतला पाहिजे, कारण तिच्यामागे मोठा लढा आहे. दहावी-बारावीच्या परीक्षांत दिव्यांग विद्यार्थ्यांना तासामागे २० मिनिटं जादा वेळ, लेखनिक, आकृत्या-आलेख-नकाशे काढण्यातून सवलत, हे सगळं पालकांनी आणि संस्थांनी वर्षानुवर्षं खेटे घालून मिळवलं आहे. सर्वोच्च न्यायालयानं ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार यांच्या खटल्यात आणखी पुढचं पाऊल टाकलं. प्रमाणपत्रावर ४० टक्के दिव्यांगत्व नसलं तरी लिहिण्यात खरी अडचण असलेल्या उमेदवाराला लेखनिक नाकारता येणार नाही, असा तो निकाल आहे. भाषा, इतिहास, गणित या विषयांत सवलतीचा उपयोग होतो, कारण सवलत घेऊनही मूल विषय शिकतच असतं. कलेचं तसं नाही. चित्र काढण्यातून सूट दिली, तर त्या तासात मुलानं करायचं काय, याचं उत्तर कुणाकडेच नसतं. गणितातली आकृती सोडली तरी गणित हातात राहतं. चित्रकलेतून चित्र वगळलं तर हातात फक्त हजेरी उरते.

कायद्याला हे ठाऊक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला आणि १९९५ च्या जुन्या कायद्यातले दिव्यांगत्वाचे ७ प्रकार त्यानं २१ वर नेले. नोकरीतलं आरक्षण, उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागा, ६ ते १८ वयापर्यंतचं मोफत शिक्षण या कलमांची चर्चा होते. कलम २९ कडे मात्र फार कुणी वळत नाही. सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजन हा त्याचा विषय. दिव्यांग कलावंतांना आणि लेखकांना पाठबळ, कला त्यांच्या आवाक्यात आणणं, नृत्य आणि कलावर्गांत त्यांना सामील करून घेणं, आणि त्यातच एक स्पष्ट तरतूद आहे: सांस्कृतिक आणि कलाविषयांचे अभ्यासक्रम दिव्यांगांना भाग घेता येईल असे नव्यानं आखणं. मुलानं अभ्यासक्रमाला जुळवून घ्यावं असं कायदा म्हणत नाही. अभ्यासक्रमानं मुलाला जुळवून घ्यावं, असं तो सांगतो. या लेखात मला जे म्हणायचं आहे ते सगळं या तरतुदीच्या आसपासचं आहे.

आपल्याकडे आणखी एक सवय आहे, ती सुटीइतकीच नडते. अंध मूल दिसलं की त्याला पेटी शिकवायची आणि बहिरं मूल दिसलं की त्याच्या हातात ब्रश द्यायचा. सोय म्हणून हे ठीक वाटतं, आणि त्यातून मोठी माणसं घडलीही. विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले. लहानपणी फटाक्यानं डोळ्यांना इजा झाली, दृष्टी अधू झाली, शाळेचा अभ्यास अवघड झाला आणि त्यांना मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला धाडलं. त्याच पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि घराण्यांच्या बंद दारांआडचं गाणं साध्या घरातल्या मुलामुलींच्या वर्गात आणलं. आज बारामतीत एखादी मुलगी प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षा देत विशारदकडे जाते, त्याचं मूळ तिथे आहे. अधू दृष्टीच्या एका माणसानं संगीताचा वर्ग सर्वांसाठी उघडला, ही गोष्ट संगीताच्या इतिहासात सांगितली जाते. दिव्यांगांच्या इतिहासातही ती तितक्याच ठळकपणे यायला हवी.

दुसरीकडे सतीश गुजराल. आठव्या वर्षी त्यांचं ऐकणं गेलं. लाहोरच्या मेयो स्कूलमध्ये शिकून १९४४ मध्ये ते मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात दाखल झाले. पुढे चित्र, शिल्प, भित्तिचित्र आणि वास्तुकला अशा सगळ्या क्षेत्रांत त्यांनी काम केलं. ही उदाहरणं प्रेरणा म्हणून सांगायला आपल्याला आवडतात. पण प्रत्येक अंध मुलाचा गळा गोड नसतो आणि प्रत्येक बहिऱ्या मुलाला रेषेची ओढ नसते. दहावीतल्या अंध मुलीला मातीकाम आवडत असेल, मूकबधिर मुलाला हलगी वाजवायची असेल, तर त्यांच्यासाठी वर्गात जागा आहे का, हा खरा प्रश्न आहे.

विनोदबिहारी मुखर्जींचं उदाहरण म्हणूनच मोलाचं वाटतं. शांतिनिकेतनच्या या चित्रकाराची (१९०४–१९८०) नजर लहानपणापासून कमजोर होती आणि १९५७ च्या सुमारास, शस्त्रक्रियेनंतर, ती पूर्ण गेली. त्यांना कुणी गाणं शिकायला पाठवलं नाही. ते कागद कापून चिकटवू लागले, मातीत आकार घडवू लागले आणि पुढे कलाभवनाच्या भिंतीवर त्यांनी सिरॅमिक टाइल्सचं मोठं भित्तिचित्र उभं केलं. त्यांच्यावर सत्यजित राय यांनी १९७२ मध्ये माहितीपट केला. मुखर्जी चित्रकारच राहिले, बदललं ते साधन. शाळेच्या पातळीवर आपल्याला एवढंच करायचं आहे: विषय तोच ठेवून साधन बदलायचं.

ते कसं, हे जरा जवळून बघू. समजा सातवीच्या वर्गात वस्तुचित्राचा तास आहे. टेबलावर तांब्या, दोन वांगी, एक कांदा. डोळस मुलं चार पावलांवर बसून बघतात आणि काढतात. अंध मुलीसाठी पहिली गोष्ट म्हणजे तेच तांब्या-वांगी तिच्या बाकावर, एका मोठ्या ताटात, न हलता राहतील अशी ठेवायची. ती हातानं बघते, आणि त्याला वेळ लागतो. नजर एका झटक्यात जे टिपते ते बोटं तुकड्यातुकड्यानं जोडत जातात: तांब्याचा काठ, मान, पोटाचा फुगवटा, बूड. म्हणून तिला ताटाजवळ इतरांच्या आधी दहा मिनिटं बसू द्यावं.

मग काढायचं कशावर? साध्या कागदावर पेन्सिलची रेघ बोटाला लागत नाही. शिवणकामात कापडावर खुणा उमटवायचं दातेरी चाक मिळतं. जाड कागद रबरी शीटवर ठेवून त्यावरून ते दाबून फिरवलं की कागदाच्या मागच्या बाजूला उंचवट्याच्या ठिपक्यांची ओळ उठते. त्यात एक खोच आहे: उंचवटा उलट्या बाजूला येतो, म्हणजे कागद पालटल्यावर डावं उजवीकडे जातं. शिक्षक नकाशा किंवा नमुना तयार करत असेल तर त्यानं आधीच उलटा काढायचा. पण मुलगी स्वतः काढत असेल तर तिला आपली रेघ काढता काढताच हाताला लागायला हवी. त्यासाठी रबरी पाटीवर पातळ प्लास्टिकचा खास कागद लावतात. त्यावर बॉलपेन दाबून ओढलं की रेघ वरच्याच बाजूला उठते. तो नसेल तर सुतळी आणि फेव्हिकॉल, किंवा मेणात भिजवलेला दोरा कागदावर दाबत नेणं. बाजारात मिळणाऱ्या महागड्या संचांची वाट बघत बसायची गरज नाही; यातलं बरंचसं सामान बारामतीच्या बाजारपेठेत अर्ध्या दिवसात जमतं.

आता या मुलीनं तांब्या काढला. पोट बाजूनं दिसतं तसं काढलं, पण तोंड मात्र पूर्ण गोल. डोळस मुलाला सरांनी लंबगोल काढायला शिकवलेलं असतं, म्हणून सर म्हणणार, ‘तोंड चुकलं.’ ते चुकलेलं नाही. तिच्या बोटांना तोंड गोलच लागलं आहे, आणि ते तिनं प्रामाणिकपणे मांडलं आहे. प्राचीन इजिप्तच्या भिंतींवर चेहरा बाजूनं आणि डोळा समोरून काढलेला आपण कलेचा इतिहास म्हणून शिकवतो. मग या मुलीच्या तांब्याला शून्य का? दूरची वस्तू लहान दिसते, वर्तुळ तिरकं बघितलं की लंबगोल होतं, हे तिलाही सांगावं, कारण डोळस माणसं जग कसं बघतात हे कळण्याचा तिला हक्क आहे. पण गुण देताना निरीक्षण, रचना, प्रमाण आणि रेषेचा आत्मविश्वास यांना द्यावेत.

रंगांचंही तसंच. पोस्टर कलरच्या बाटल्यांना रबरबँड लावायचे: लाल एक, पिवळा दोन, निळा तीन. ब्रेल लेबल चिकटवता आलं तर उत्तमच. जन्मांध मुलीला रंगांचं काय, असं विचारणारे भेटतील. ती ज्या गावात राहते तिथे हळदीचा, गुलालाचा, उसाच्या पाल्याचा उल्लेख रोज होतो. रंगांचे संबंध तिला भाषेतून चांगलेच माहीत असतात आणि ते वापरून तिला निवड करता येते. ज्यांना थोडं दिसतं त्यांच्यासाठी काळ्या कागदावर पांढरा किंवा पिवळा रंग, जाड मार्कर आणि खिडकीकडे पाठ करून बसायची जागा एवढ्यानंही वर्ग बदलतो. आणि मुलग्यांपैकी काहींना लाल-हिरवा फरक कळत नाही. कायद्याच्या लेखी ते दिव्यांग नाहीत, म्हणून कुणाच्या यादीत येत नाहीत आणि ‘झाडाचं खोड हिरवं कसं रंगवलंस’ म्हणून ओरडा खातात. रंगपेन्सिलीवर रंगाचं नाव लिहिलं की त्यांचा प्रश्न सुटतो.

मातीकामाबद्दल फार लिहायची गरज नाही. पोळ्याचे बैल आणि गणपती करणाऱ्या या मुलखात माती हाच सगळ्यांना एका बाकावर बसवणारा विषय आहे, आणि नेमका तोच शाळेच्या वेळापत्रकात कमी असतो.

मूकबधिर मुलांबद्दलचा गैरसमज वेगळा आहे. चित्रकलेत त्यांना कशाचीच गरज नाही, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. सर फळ्याकडे तोंड करून निसर्गचित्र काढत असतात आणि काढता काढता बोलत असतात: क्षितिजरेषा इथे, लांबची झाडं फिकी. ऐकणारं मूल हात बघतं आणि कानानं ऐकतं. न ऐकणाऱ्या मुलाचे डोळे एकाच जागी असू शकतात. हात बघितला तर ओठ किंवा खुणा सुटतात, ओठ बघितले तर हात सुटतो. म्हणून आधी सांगायचं, मग थांबायचं, मग काढून दाखवायचं, पुन्हा वळून विचारायचं. एवढी एक सवय लागली तरी त्या मुलाचं वर्गातलं निम्मं नुकसान टळेल. ‘छायाप्रकाश’, ‘पोत’, ‘समतोल’ या शब्दांसाठी खुणा लागतात. त्या शिक्षकानं आणि मुलांनी मिळून ठरवून भिंतीवर चित्रांसह लावता येतात. भारतीय सांकेतिक भाषेच्या शब्दकोशाचे व्हिडिओही आता मोबाईलवर मिळतात. श्रवणयंत्र असलेल्या मुलाला पत्र्याच्या छपराखालच्या वर्गात पावसाचा आवाज सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठा ऐकू येतो, हेही ध्यानात असावं.

तालाची गोष्ट तर मला फार जवळची वाटते. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीतून सणसर, निमगाव केतकीमार्गे इंदापूरला जाते आणि वाटेत बेलवडीला पहिलं गोल रिंगण होतं. अश्व धावतात, पखवाज आणि टाळ एका लयीत येतात, तेव्हा पायाखालची जमीन हलते. ज्याला ऐकू येत नाही त्यालाही ती जाणवते. शाळेतल्या लेझीम पथकात मूकबधिर मुलाला घेत नाहीत, कारण ‘त्याला ठेका कळणार कसा?’ हलगी किंवा ढोल त्याच्या जवळ, लाकडी फळीवर ठेवा. त्याला अनवाणी त्या फळीवर उभं करा, पुढे हातानं ठेका देणारा एक मुलगा ठेवा आणि ओळीत त्याच्या दोन्ही बाजूंना सराईत मुलं. चार दिवसांत त्याचा पाय पडू लागतो. स्कॉटलंडची एव्हलिन ग्लेनी लहानपणीच ऐकणं गेल्यावरही तालवाद्यवादक झाली. ती अनवाणी वाजवते, कारण स्वर तिला शरीरातून कळतात. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकनं तिला आधी नाकारलं होतं. तिनं फेरविचार करायला लावला, तिची पुन्हा चाचणी झाली, आणि त्यानंतर प्रवेशाचे निकषच बदलले. आपल्याकडे बदल नेमका इथे अडतो. एखादं मूल चमकलं की त्याचा सत्कार होतो आणि नियम होते तसेच राहतात.

नाटकाबद्दल महाराष्ट्राला अभिमान वाटावा असं काम स्वागत थोरात यांनी केलं आहे. १५ फेब्रुवारी २००८ रोजी त्यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं, हे अनेकांना ठाऊक असतं. पण ते मूळचे रंगभूमीचे, आणि अंध कलावंतांना घेऊन त्यांनी ‘अपूर्व मेघदूत’सारखे पूर्ण लांबीचे प्रयोग बसवले. शाळेच्या स्नेहसंमेलनात अंध मुलाला कोपऱ्यात उभं करून एक गाणं म्हणायला लावतात. रंगमंचभर वावरायला त्याला देत नाहीत. रंगमंचाची कड पायाला कळावी म्हणून दोरी टेप लावून चिकटवली, मध्यभागी सतरंजीचा तुकडा ठेवला, आणि सहकलाकारानं वाक्य बोलता बोलता जागा बदलायची शिस्त पाळली, तर ते मूल मोकळं फिरतं. यासाठी तालमी जास्त लागतात, इतकंच.

चालण्याची अडचण असलेल्या मुलांचा प्रश्न दारातच सुरू होतो. जोतं ४५ सेंटिमीटर उंच असेल तर एकास बारा या उताराच्या नियमानं रॅम्प ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब हवा. जागा वाचवायला म्हणून तो दोन-अडीच मीटरमध्ये उरकला की व्हीलचेअर ढकलायला दोन माणसं लागतात आणि उतरताना मूल जीव मुठीत धरतं. सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्यात, सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत, असं बजावलं आहे. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा एकमजली, ही आपल्या भागाची जमेची बाजू. माध्यमिक शाळांत मात्र चित्रकलेचा हॉल आणि संगीताची खोली वरच्या मजल्यावर असते, कारण खाली ‘महत्त्वाचे’ वर्ग लागतात. ही खोली खाली आणायला एक रुपयाही लागत नाही. मुख्याध्यापकांनी वेळापत्रक बदललं की झालं. ज्याची पकड कमजोर आहे त्याच्या ब्रशला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून दांडा जाड करावा, कागद चारही कोपऱ्यांना चिकटवावा. स्वमग्न मुलाला ओल्या मातीचा किंवा फेव्हिकॉलचा स्पर्श असह्य होत असेल तर हातमोजा द्यावा, आणि आज काय काय करायचं आहे ते चित्रांच्या पट्टीवर आधीच दाखवावं. मतिमंद मुलांच्या बाबतीत मोठी चूक ही, की शिक्षक स्वतःच चित्र पूर्ण करून देतात आणि प्रदर्शनात लावतात. मुलाचं वेडंवाकडं वर्तुळ त्याचं स्वतःचं असतं, तेच लावावं.

कॉलेजात गेलं की चित्र आणखी बदलतं. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून आहे, विद्या प्रतिष्ठान १९७२ पासून, इंदापुरात कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय आहे. दिव्यांग विद्यार्थी बहुतांशी बी.ए.कडेच वळतात, कारण प्रयोगशाळेची दारं त्यांच्यासाठी आधीच बंद झालेली असतात. म्हणजे कला शाखेचा वर्ग हाच त्यांचा मुख्य वर्ग. तिथली सर्वांत मोठी अडचण कुणाच्या लक्षातही येत नाही: नोट्सचा फाँट. मराठीच्या कितीतरी नोट्स आजही जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. पडद्यावर अक्षर सुरेख दिसतं, पण अंध विद्यार्थ्याच्या मोबाईलमधलं किंवा संगणकातलं वाचक सॉफ्टवेअर ते निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखं वाचत सुटतं. झेरॉक्सचा फोटो काढून पाठवलेली पीडीएफ तर त्याच्यासाठी कोरा कागद. टॉकबॅक मोबाईलमध्ये फुकट असतं, एनव्हीडीए संगणकासाठी फुकट मिळतं, दोन्ही मराठी वाचतात. प्राध्यापकांनी युनिकोडमध्ये टाइप करायचं ठरवलं तर एका सत्रात अर्धं ग्रंथालय या मुलांसाठी उघडेल.

आणि बारामतीला हे शोभण्यासारखं आहे, कारण कवितेचं शिक्षण इथे कानावरच झालं. मोरोपंत पन्हाळ्याचे (जन्म १७२९), पण बाबूजी नाईकांच्या आश्रयानं बारामतीला स्थिरावले, इथेच पुराण सांगत राहिले आणि १७९४ मध्ये इथेच गेले. कऱ्हेकाठी त्यांची आर्या लोकांनी ऐकून पाठ केली. आर्येच्या पहिल्या चरणात १२ मात्रा, दुसऱ्यात १८. टाळी देत शिकवली तर अंध विद्यार्थी ती सगळ्यांत आधी पकडतो, आणि लघूला एक बोट, गुरूला दोन बोटं अशा खुणांनी मूकबधिर विद्यार्थीही मात्रा मोजतो. विदर्भातले गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच अंध झाले. दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेत, सांगून लिहवून घेत त्यांनी शंभरावर ग्रंथ रचले. लेखनिक ही सवलत बोर्डानं शोधण्याच्या कितीतरी आधी मराठीत ती रुळलेली होती.

मग अडतं कुठे? माझ्या मते माणसांपाशी अडतं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असं म्हटलं आहे. खेड्यातल्या शाळेत मात्र चित्रकलेचा तास ज्याचा तास रिकामा आहे तो शिक्षक घेतो. समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक गटसाधन केंद्रातून फिरतात, त्यांच्याकडे अनेक शाळा असतात, आणि त्यांचं प्रशिक्षण वाचन-लेखन-गणिताभोवतीच असतं. कलाशिक्षकाला दिव्यांगत्व कळत नाही, विशेष शिक्षकाला कला शिकवलेली नसते आणि दोघं एका खोलीत कधी बसत नाहीत. तालुक्यातल्या केंद्र परिषदेत वर्षातला एक दिवस या दोघांना एकत्र बसवलं तरी चालेल. समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी उत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. रबरी पाटी, ब्रेल लेबलं, उतरतं टेबल यांचा खर्च त्यापुढे किरकोळ आहे. मागणारं कुणी नसतं, म्हणून तो निधी साहित्यवाटपाच्या एका कार्यक्रमात संपतो.

कला संचालनालयाकडे माझं मागणं सरळ आहे. रेखाकला परीक्षेत वस्तुचित्राला पर्याय म्हणून स्पर्शचित्र किंवा मातीतली प्रतिकृती चालावी, भूमितीच्या पेपरला उठावाच्या साधनांनी उत्तर देता यावं, जादा वेळ बोर्डासारखाच मिळावा आणि परीक्षकांना अशी चित्रं तपासायचं प्रशिक्षण मिळावं. अंध मुलीनं इंटरमिजिएटची ‘अ’ श्रेणी मिळवली तर तिलाही ते ७ गुण मिळतील. त्यापेक्षा मोठी गोष्ट ही की तिच्या शाळेला तिला चित्रकला शिकवावी लागेल.

शेवटी ज्यांची नोंद कुठल्याच हजेरीपटावर नीट होत नाही, त्या मुलांबद्दल. दिवाळी झाली की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर इथल्या कारखान्यांच्या गव्हाणीत मोळी पडते आणि बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कोप्यांमध्ये त्यांच्याबरोबर दिव्यांग मुलंही येतात, कारण गावी त्यांना सांभाळायला कुणी नसतं. धडधाकट भावंडं कधी साखरशाळेत, कधी जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात. पाय लुळा असलेलं किंवा बोलता न येणारं मूल कोपीत पाचटाजवळ राहतं. प्रमाणपत्र गावच्या कपाटात असतं किंवा काढलेलंच नसतं. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. त्यासोबत मूळ शाळेतल्या शिक्षकांनी या मुलाला काय करता येतं, काय आवडतं, कोणतं साधन लागतं हे चार ओळींत लिहून दिलं तर इथल्या शिक्षकाला सुरुवात करता येईल. प्रमाणपत्रासाठी बारामतीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कारखान्यानं गळीत हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात एक गाडी देऊन या मुलांना तपासणीला न्यावं. आणि प्रमाणपत्र यायची वाट न बघता शेजारच्या शाळेनं त्याला चित्रकलेच्या, गाण्याच्या तासाला बोलवावं. त्या तासाला त्याची भाषा आड येत नाही, मागचा अभ्यासही आड येत नाही. हंगाम मार्चअखेरपर्यंत चालतो, म्हणजे शाळेच्या हातात जवळपास पाच महिने असतात.